पाटीवर लिहिलेला हात

जगातला सगळा कोड यंत्रंच लिहायला लागली त्याला बारा-पंधरा वर्षं झाली होती, तरी केतकी मगदूमचं पोट अजून माणसांना कोड शिकवण्यावरच चालत होतं. नातेवाइकांना याचं भारी नवल वाटे. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारायचं, अजून तेच का चाललंय? केतकी "तेच" म्हणायची आणि मठ्ठा वाढून घ्यायची.

तिचं काम नवशिक्यांसाठी नमुने लिहिण्याचं. नमुना म्हणजे तीन-चार ओळींचा एवढासा प्रोग्राम. पहिल्या वाचनात कळला पाहिजे आणि चालवला की चाललाच पाहिजे, या दोन गोष्टींवर तिचा मोठा कटाक्ष. नवशिका माणूस पहिल्याच दिवशी पडद्यावर लाल अक्षरं बघतो आणि परत तिकडे फिरकत नाही, हे तिनं हजारदा पाहिलं होतं. म्हणून तिच्या नमुन्यात चुकायला जागाच नसे. तिच्या हाताखालचे लोक म्हणत, बाईंचा नमुना म्हणजे भरवलेला घास. तिला ते ऐकून बरं वाटे. स्वतःच्या कामाचा अभिमान वाटू नये इतकी काही ती संत नव्हती.

मिरजेच्या एका पुनर्वसन केंद्रानं तिला बोलावून घेतलं ते याच ख्यातीमुळे.

तिथे ज्यांच्यावर उपचार चालत त्यांचे हात किंवा पाय मानेला, पाठीला मार बसून गेलेले असत. अशा माणसाचा मेंदू ठणठणीत असतो, हातही शाबूत असतो, फक्त मधला रस्ता तुटलेला असतो. त्यावर उपाय जुनाच होता. तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती मेंदूवर बसवायची; हाताला आता काय करायचंय हे ती टिपते. हातावर एक पातळ बाही चढवायची; ती स्नायूंना विजेचे हलके धक्के देते आणि बोटांच्या टोकांना काय लागलं ते मोजून मेंदूकडे परत पाठवते. या दोहोंच्या मधे हवा एक प्रोग्राम. यंत्रांनी असे प्रोग्राम लाख लाख ओळींचे लिहिले, हात उत्तम हलायला लागले, आणि तरीही माणसं म्हणायची, हलतोय खरा, पण हा माझा नाही.

कारण सापडलं ते लहान मेंदूत. आपण भरलेली समजून रिकामी कळशी उचलली तर हात झटकन वर जातो आणि आतल्या आत आपण दचकतो. म्हणजे उचलण्याआधीच मेंदूनं वजनाचा अंदाज बांधलेला असतो. अंदाज चुकला की मेंदूत एक बारीकशी लहर उठते, आणि त्या लहरीवरच तो पुढचा अंदाज सुधारतो. तान्हं बाळ दोन वर्षं हातपाय झाडून हेच करत असतं. मधला प्रोग्राम परका असेल तर अंदाज बांधता येत नाही, अंदाज नाही म्हणून दचकणं नाही, आणि ज्या हाताच्या चुकीनं आपण दचकत नाही तो हात मेंदू आपला मानत नाही. बाळाला असतो तेवढा वेळही या माणसांकडे नसे. सहा महिन्यांत चकतीभोवती पेशींचं कवच धरतं आणि नवं शिकणं थांबतं, असं शास्त्रज्ञ सांगत. तेवढ्या मुदतीत अंदाज जमायचा तर जवळचा रस्ता एकच होता. ज्याचा हात, त्यानं आपल्या हाताचा प्रोग्राम आपणच लिहायचा. थोडक्या ओळींचा, पण ओळ न् ओळ स्वतःला कळलेला.

आणि म्हणून साऱ्या जगात कोड लिहायची गरज राहिलेली माणसं उरली ती हीच. कुणी शिंपी, कुणी कंडक्टर, कुणी पोळ्या लाटणारी बाई. त्यांच्यासाठी केंद्रानं 'पाटी' नावाची सोय केली होती. पडद्यावर मराठीत एक ओळ लिहायची, 'चालव' म्हणायचं, आणि समोर टेबलावर ठेवलेला आपलाच हात ती ओळ करून दाखवायचा.

दस्तगीर शिकलगार, सगळ्यांचे चाचा, चकती बसवल्यापासून विसाव्या दिवशी पाटीसमोर आले. वय एकसष्ट, मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्यांपैकी एक. माळ्यावर वाळत घातलेले भोपळे काढताना शिडी सरकली आणि ते मानेवर पडले. बाकी सगळं वाचलं. उजवा हात कोपराखाली गेला. त्यांच्याबरोबर मुलगी आफरीन होती. ती गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि मधल्या सुट्टीतून धावत आली होती.

केतकीनं पहिला नमुना दाखवला.

बोट = तर्जनी
बोट.वाकव(१०)
थांब(१)
बोट.सोड()

चाचांनी तो डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत, हुबेहूब उतरवून घेतला. वीस मिनिटं लागली. मग त्यांनी "चालव" म्हटलं. तर्जनी वाकली, क्षणभर थांबली, सरळ झाली. चार महिने थंड पडलेलं बोट. आफरीननं तोंडावर ओढणी धरली. चाचा मात्र बोटाकडे बघत राहिले.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "हे कोण हलवायलंय?"

"तुम्हीच, चाचा."

चाचा पुन्हा "चालव" म्हणाले. बोट पुन्हा वाकलं. असं त्यांनी अकरा वेळा केलं. केतकीनं आजवर शेकडो पहिली बोटं हलताना पाहिली होती, आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा तसा तो आजही आला. चार ओळी, त्याही कुणा पोरानं लिहाव्यात इतक्या साध्या, आणि त्यांच्या टोकाला जिवंत माणसाचं बोट. या गोष्टीची तिला सवय होत नव्हती, आणि होऊ नये असंच तिला वाटे.

*

दोन महिने सगळं नजर लागावी इतकं छान चाललं. चाचा शहाणे विद्यार्थी होते. केतकी नमुना द्यायची, ते उतरवून घ्यायचे, हात तसं करायचा. मूठ, चिमूट, मनगट. त्यांना कुठे अडखळायला झालंय असं वाटलं की ती नमुना आणखी सोपा करून आणायची. पाचाच्या चार ओळी, चाराच्या तीन.

ऐंशीव्या दिवशी केंद्रप्रमुख डॉक्टर चौगुल्यांनी तिला बोलावून चाचांचा आलेख दाखवला. डॉक्टर मितभाषी माणूस. त्यांनी पडद्यावर नुसतं बोट ठेवलं. दर आठवड्याच्या चाचणीत रुग्णाच्या हाती मुद्दाम फसवी वस्तू देत. जड दिसणारी पण पोकळ, मऊ दिसणारी पण कडक. मेंदू दचकतो का ते बघत. चाचांची रेघ पहिल्या दिवसापासून सपाट होती. हात छान काम करत होता आणि मेंदूला त्याची काडीची फिकीर नव्हती.

डॉक्टर म्हणाले, एकशेऐंशीव्या दिवसापर्यंत लहर उठली नाही तर यंत्राचा तयार पाठ, म्हणजे यंत्रानं लिहिलेला प्रोग्राम, कायम करावा लागेल. तयार पाठात आठ कामं बसवलेली होती. घास घेणं, पेला धरणं, बटण लावणं, सही करणं आणि अशीच आणखी चार. ती आठ कामं जन्मभर बिनचूक होतील. नववं होणार नाही.

आणि चाचांना हवं होतं ते नववं. जवारी.

तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं इतका किंचित घासायचा की तार तिला जेमतेम शिवून राहावी. बरोबर जमलं की तारेचा सूर उघडतो आणि गुंजत राहतो. एक हात जास्त फिरला की तोच सूर बसतो आणि घोडी वाया जाते. हीच जवारी. किती घासायचं हे मोजायचं साधन नाही. ते हातालाच कळावं लागतं. चाचांकडे बेळगाव-धारवाडपासून गवई येत ते तंबोऱ्यासाठी कमी आणि या हातासाठी जास्त.

आफरीनला हे सगळं ठाऊक होतं, तरी तिला तयार पाठच हवा होता. त्याला कारणही तसंच होतं. चाचा डाव्या हाताचा घास तोंडात घालत नसत. लहानपणापासूनचा संस्कार, तो एकसष्टाव्या वर्षी कसा मोडणार? त्यामुळे पडल्यापासून रोज दुपारी शाळेतून येऊन आफरीन त्यांना भरवायची. आई गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. पाहुणे असले तर चाचा भूक नाही म्हणून सांगायचे आणि उपाशी राहायचे.

"म्याडम, जवारीचं राहू दे," ती केतकीला म्हणाली. "अब्बांनी आपल्या हातानं चार घास खाल्लेले बघायचेत मला. एवढंच."

त्या मुलीचं काही चुकत नव्हतं.

*

घरी जाऊन तिनं चाचांनी पाटीवर लिहिलेलं सगळं उघडलं आणि ओळीनं वाचलं. बत्तीस प्रोग्राम होते. बत्तीसच्या बत्तीस तिचेच होते. अक्षर इकडचं तिकडे नाही. बाकीचे लोक निदान आकडे बदलून बघत, बोटांची नावं बदलत, काहीतरी खोडसाळपणा करत. चाचांनी तिच्या 'थांब(१)' चं 'थांब(२)' सुद्धा कधी केलं नव्हतं. म्हणजे दोन महिने त्यांच्या हातात चालत होता तो केतकीचा प्रोग्राम. यंत्राच्या लाख ओळी जितक्या परक्या, तितक्याच तिच्या तीन.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना विचारलं, तुम्ही यात कधीच काही का बदललं नाहीत? चाचांना प्रश्नच कळेना. मग कळला तेव्हा त्यांनी चक्क कान पकडले.

"तुम्ही उस्ताद. उस्तादानं तयार करून दिलेल्या घोडीला कानस लावायची नसती. बेअदबी हाय ती. ती भिंतीला टांगायची आन रोज बघायची."

"मग तुमच्याकडे पोरं शिकतात कशी?"

"शिकायला बिघडलेली देतो की," चाचा म्हणाले. यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे रस्त्यालगतची लांबट खोली, लाकडाच्या भुशाचा आणि चंद्रसाच्या रोगणाचा वास, भिंतीला लटकलेले भोपळे. एका फळीवर पाच-सहा घोड्या होत्या. चाचांनी समजावलं की शिकाऊ माणसासाठी आम्ही चांगली घोडी घेतो आणि मुद्दाम एका जागी बिघडवतो. कुठे ते सांगत नाही. त्यानं तार छेडायची, ऐकायचं, घासायचं, पुन्हा ऐकायचं. हप्ता जातो, महिना जातो. पाच घोड्या फुकट जातात. सहावीला पोराच्या हातात काहीतरी येतं, ते काय असतं ते पोरालाही सांगता येत नाही. माझ्या आज्यानं बापाला असंच शिकवलं, बापानं मला.

केतकी खाली भुशातच बसली. वीस वर्षं ती लोकांना तयार घोड्या देत आली होती. गुळगुळीत, निर्दोष, जिथे कानस लावायला जागाच नाही अशा. लोकांना अडखळू द्यायचं नाही म्हणून तिनं त्यांच्या वाटेतला खडा न् खडा वेचला होता, आणि या माणसाचे साठ दिवस त्या सोप्या वाटेवरच वाया गेले होते. तिला आतून फार लाज वाटली. आणि लाजेच्या जोडीनं दुसरंही काहीतरी वाटलं. मेंदूच्या शास्त्रज्ञांना जी गोष्ट मोठमोठ्या यंत्रांनी गवसली, ती या खोलीत तीन पिढ्या फळीवर मांडून ठेवलेली होती.

*

डॉक्टर चौगुले आधी ठाम नाही म्हणाले. जिवंत हातावर मुद्दाम चुकीचा प्रोग्राम? पेटका आला, बोट मुरगळलं तर? केंद्राचा नियम होता की नमुना नकली हातावर तीनदा बिनचूक चालल्याशिवाय रुग्णापर्यंत जायचा नाही. आणि तो नियम केतकीनंच आग्रहानं करून घेतला होता. शेवटी तिनं सुचवलं की बाहीचा जोर तीनच्या वर जाणार नाही असं कुलूप घालू. चूक झाली तरी फार तर हात वेडावाकडा हलेल. डॉक्टरांनी मग चाचांची सही मागितली. चाचांनी डाव्या हातानं वाकडीतिकडी केली.

आफरीनला कळलं तेव्हा ती शाळेतून तडक केंद्रात आली. शहाण्णव दिवस गेलेत, चौऱ्याऐंशी उरलेत, त्यातही तुम्ही अब्बांना चुकीचं शिकवणार, असं ती म्हणाली. मी वर्गात पोरांना मुद्दाम चुकीचा पाढा सांगितला तर मला कुणी नोकरीवर ठेवेल का, असंही म्हणाली. केतकीनं ऐकून घेतलं. आपण खात्रीनं काही सांगू शकत नाही हे तिनं कबूल केलं. आफरीन त्यानंतर तिच्याशी बोलेनाशी झाली. डबा घेऊन यायची, बापाला भरवायची आणि निघून जायची.

केतकीनं आयुष्यात पहिल्यांदा बिघडलेला नमुना लिहायला घेतला आणि तिला तो लिहिता येईना. हात आपोआप बरोबरच लिहायचा. चूक अशी हवी की दिसू नये पण जाणवावी, चाचांच्या घोडीवरच्या चुकीसारखी. दोन दिवस खपून तिनं चार ओळी केल्या.

जोवर मन.धरायचंय:
    चिमूट.आवळ(१)
    थांब(१)
चिमूट.सोड()

दिसायला हा नमुना निर्मळ होता. पण 'थांब(१)' मुळे पकड सेकंदासेकंदाला एक पायरी चढत जायची आणि वाढत्या दाबानं हातातली वस्तू निसटून जाईपर्यंत ते कळायचं नाही. चाचांनी चालवला. पेन्सिल चिमटीत आली आणि निसटली. त्यांनी पुन्हा चालवला. पुन्हा निसटली. त्यांनी केतकीकडे पाहिलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. सांगायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं आणि ते फार जड जात होतं.

तासाभरानं चाचांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बिघडलेली दिलीसा व्हय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

त्या दिवसापासून तो माणूसच बदलला. एका नमुन्यावर ते तीन-तीन दिवस बसू लागले. चुका काढायचे, काढताना नव्या करायचे. पडदा लाल अक्षरांनी भरून जायचा आणि चाचा तो वर्तमानपत्रासारखा सावकाश वाचायचे. हात मात्र पूर्वीइतका नीट हलेना. बोटं थरथरत, मनगट भलतीकडे वळे. आफरीन हे दारातून बघायची आणि ओठ घट्ट मिटायची. साप्ताहिक चाचणीत रेघेला एखादी बारीक शिरशिरी येई, पण मोजावी एवढी लहर काही उठत नव्हती.

एकशेतिसाव्या दिवशी केतकीनं चाचांचा एक प्रोग्राम उघडला आणि ती थबकली. हा तिच्या कुठल्याच नमुन्यातून निघालेला नव्हता.

जरासं = ०.३
जोवर कड.लागते:
    मनगट.ढकल(जरासं)
    जरासं = जरासं - बोट.कळलं
    जर जरासं < ०.१: सोडून_दे()

'जरासं' हे नाव तिनं शिकवलेलं नव्हतं. 'बोट.कळलं' म्हणजे बोटाच्या टोकाला लागलेला दाब. तो ढकलण्याच्या जोरातून वजा करायचा ही कल्पना तर तिला स्वतःलाही सुचली नसती. तिनं तो केंद्रातल्या नकली हातावर चालवला. नकली हात पिऊन आल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. दुसऱ्या रुग्णाच्या परवानगीनं, जोराचं तेच कुलूप घालून, त्याच्या बाहीवर चालवला, तिथेही तेच. मग तिनं चाचांच्या हातावर पाहिला. कानस लाकडाच्या ठोकळ्यावरून गेली, वळली, आणि एका जागी येऊन जी मंदावली ती अशी, की केतकीनं नकळत श्वास धरला.

तिनं विचारलं, ०.३ च का? चाचांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मला ठाऊक नाही, पण त्याहून जास्त नको वाटतं. वीस वर्षं नवशिक्यांचा कोड वाचणाऱ्या केतकीला त्या पाच ओळी एकेक कळत होत्या, पण त्यांतून हे कसं घडतं ते कळत नव्हतं. तिला भीतीही वाटली आणि आनंदानं डोळेही भरून आले. एका माणसाच्या हातात असलेलं, त्याच्याखेरीज कुणाच्याच उपयोगाचं नसलेलं असं काहीतरी आज पाच ओळींत तिच्यासमोर उतरलं होतं.

*

एकशेएकोणऐंशीव्या दिवशी सकाळी शेवटची चाचणी झाली. चाचांनी एकच अट घातली होती. पोकळ डबे आणि रबरी चेंडू नकोत, मला माझं काम द्या. म्हणून आफरीननं कारखान्यातून एक तंबोरा आणि चार कोऱ्या घोड्या आणल्या होत्या. डॉक्टरांनी आलेख सुरू केला. टेबलावर तयार पाठाच्या संमतीचा कागद होता, आणि त्यावर घरच्यांपैकी म्हणून मुलीनं करायच्या सहीची जागा रिकामी होती. पेन आफरीनच्या हातात होतं.

चाचांनी डाव्या हातानं घोडी धरली, उजव्यात कानस घेतली. त्यांनी घासायला सुरुवात केली. चार हात फिरवायचे, घोडी तारेखाली बसवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा काढायची. पहिल्यांदा सूर बोथट. दुसऱ्यांदा थोडा मोकळा. असं पाऊण तास चाललं. सहाव्यांदा सूर जवळपास उघडला. केतकीसारख्या अडाणी कानालाही ते कळलं. तारेतून मधमाशीसारखी बारीक गुणगुण निघाली आणि खोलीभर झाली. आलेखावरची रेघ सपाटच होती. डॉक्टर तिच्यावरून नजर हलवत नव्हते.

चाचा म्हणाले, अजून एक हात. कानस फिरली. आणि फिरता फिरताच ते "अरारा" म्हणून थांबले.

त्यांनी घोडी बसवली, तार छेडली. सूर बसला होता. गुणगुण गेली होती, उरला होता नुसता लोखंडी टणत्कार. पाऊण तासाचं काम एका हातात फुकट गेलं होतं.

आफरीननं डोळे मिटले. मग कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. केतकीला त्या मुलीला थांबवायचं होतं, आणि थांबवायला तोंड नव्हतं.

पण चाचा खाली बघत नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आफरीन, हाताला कळलं गं," ते म्हणाले. "जास्त घासलं गेलं ते हाताला कळलं. तार छेडायच्या आदी."

डॉक्टर चौगुल्यांनी आलेख मागे नेला. तार छेडल्याची खूण पडद्यावर होती. तिच्या कितीतरी आधी, कानस फिरल्याच्या नेमक्या जागी, एकशेएकोणऐंशी दिवस जवळजवळ सपाट राहिलेल्या रेघेतून एक लहर उठली होती. बारीकसारीक नव्हे, उंच, निरोगी माणसाची असते तशी. कान अजून मधे आलेच नव्हते. मेंदूनं अंदाज बांधला होता, हातानं तो चुकवला होता आणि मेंदू दचकला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तीच जागा पुन्हा पाहिली. आज पाऊण तास सगळं बरोबर चाललं होतं म्हणून लहर उठत नव्हती, की हात परका होता म्हणून, हे सांगायला काही मार्गच नव्हता, असं ते स्वतःशीच पुटपुटले. ते कळायला खरीखुरी चूक व्हायला हवी होती; फसव्या वस्तूंनी आपण घडवलेली नव्हे, त्यांची स्वतःची.

केतकी त्या रेघेकडे बघत उभी राहिली. माणसाच्या डोक्यात एक गेलेला हात परत आलेला असा डोळ्यांना दिसतो, हे तिला खरं वाटेना. तिनं आयुष्यभर चुका पुसण्याचं काम केलं होतं, आणि या माणसाचा हात परत आल्याची एवढी एकच खूण होती, तीही चूक होती.

आफरीननं विचारलं, म्हणजे आता अब्बा जेवतील का? डॉक्टरांनी तिला खोटं सांगितलं नाही. हात त्यांचा झाला एवढं नक्की. पण उद्यानंतर कवच धरल्यावर तो घास घ्यायला शिकेल की नाही, शिकला तर किती दिवसांत, हे कुणालाच ठाऊक नाही. इतक्या उशिरा लहर उठलेला माणूस आमच्याकडे हा पहिलाच. तयार पाठ कायम केला तर उद्या दुपारी ते स्वतः जेवतील, आणि ही लहर पुन्हा उठणार नाही. काय ते तुम्ही दोघांनी ठरवा.

आफरीननं बापाकडे पाहिलं. रोजची मधली सुट्टी, रोजचा डबा, पुढची कितीतरी वर्षं, सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. चाचांनी तिला काही विनवलं नाही. त्यांनी वाया गेलेली घोडी तारेखालून काढून बाजूला ठेवली आणि उजवा हात तिच्यापुढे पसरला. तळवा उघडा होता आणि बोटं अजून थरथरत होती.

"दुसरी दे, बेटा."

तिनं पेनाला टोपण लावलं आणि दुसरी घोडी त्या हातावर ठेवली.